शेवटच्या खेपेतली काच

मशिदीची काच फुटली ती दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आणि सव्वाचारपर्यंत ती कुणी फोडली हेही सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

मशीद उभी राहून जेमतेम पाच महिने झाले होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मशीद वाटायचीच नाही. घुमट नव्हता, नक्षी नव्हती. साधी चौकोनी इमारत, आणि तिच्या दर्शनी बाजूला पायथ्यापासून गच्चीपर्यंत, एकावर एक काचा बसवून केलेल्या उंच पट्ट्या. प्रत्येक पट्टी जरा तिरकी, जाडजूड पुस्तक अर्धवट उघडून उभं ठेवलं की पानं फाकतात तशी. एकूण तीनशे बारा काचा. सकाळी ती इमारत दुधी दिसायची, दुपारी पाण्यासारखी, आणि आतले दिवे लागले की रस्त्यावरून जाणाऱ्यांना ओळीत उभे राहिलेले लोक दिसायचे, वाकलेल्या पाठी दिसायच्या. हा हट्ट इमामसाहेबांचा. "आपण आत काय करतो ते लोकांना दिसू दे," ते म्हणाले होते. "लपवण्यासारखं काही नाही, आणि दाखवण्यासारखंही फार नाही. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, तेवढं दिसेल."

काचा बसवल्या होत्या एका बाईने. परिसरात तिला सगळे 'काचवाली' म्हणत, समोर असली की 'ताई'. नवरा गेला तेव्हा त्याचं काचेचं दुकान बंद पडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिने ते बंद केलं नाही. काच कापायची हिऱ्याची कलम धरायला ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकली, आणि बोटांवरच्या पांढऱ्या रेघा मोजल्या असत्या तर शिकायला किती वेळ लागला तेही कळलं असतं. खिडक्या, आरसे, फोटोच्या चौकटी, माशांच्या टाक्या असं करत करत चौदा वर्षांनी तिच्याकडे मशिदीचं काम आलं. ती त्या मशिदीत येणाऱ्यांपैकी नव्हती, पण इमारत पुरी झाल्यावर तिचा रस्ता बदलला. दुकानातून घरी जायचा जवळचा रस्ता सोडून ती रोज मशिदीवरून जायला लागली. मुलगी म्हणायची, "आई, दृष्ट लागेल, इतकं बघू नकोस."

त्या दिवशी मुलीनेच फोन घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "आई, काच फुटलीय. मशिदीची."

"कितवी?"

"ते कुठे सांगतायत ते. दगड मारला म्हणतायत."

काचवाली पोचली तेव्हा दारासमोर शंभरेक माणसं जमली होती. दुपारच्या नमाजाला येणारे लोक चपला काढत असताना डोक्यावरची एक काच फटाक्यासारखा आवाज करून फुटली होती. कुणाला लागलं नव्हतं. काच दुपदरी होती, दोन पदरांच्या मध्ये चिकट पारदर्शक पडदा होता. त्यामुळे फुटलेल्या पदराचा बराचसा भाग ओल्या जाळीसारखा वरच लटकत राहिला आणि फक्त खालचा कोपरा मिठाच्या खड्यांसारखा चपलांवर सांडला. एक आजोबा आपली चप्पल उलटी करून झटकत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दोन पावलं. फक्त दोन पावलं मागे होतो मी."

समितीचे अध्यक्ष पुढे आले. औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस एरवी फार मवाळ होता, पण आता त्याचा आवाज चढला होता. त्याच्या हातात एक दगड होता. फुलझाडांच्या वाफ्याला कडेने लावलेल्या गोट्यांपैकी एक.

"हा बघा ताई. पायरीशी पडला होता. आणि मारणारा कोण, ते सांगायला नको."

सगळ्यांच्या नजरा समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे गेल्या. तिथे गॅलरीत हॉर्नकाका उभे होते.

हॉर्नकाका म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली पण विनाकारण एकदाही हॉर्न वाजवला नाही, असं ते अभिमानाने सांगत. लोक म्हणत, खरं आहे, सगळे साठवून ठेवले होते आणि आता वाजवतायत. पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, जिन्यातल्या सायकली, कशावरूनही काकांचा आवाज तीन इमारती ओलांडून जायचा. मशीद झाल्यापासून त्यांना नवा विषय मिळाला होता. दुपारी काचांवरून ऊन परावर्तित होऊन त्यांच्या घरात घुसतं, ही त्यांची तक्रार. दोनदा समितीकडे आले होते. अध्यक्ष म्हणाले होते, पडदा लावा. काका म्हणाले, पडदा लावता येत नाही. का येत नाही, ते सांगेनात. तिसऱ्यांदा आले तेव्हा पन्नास माणसांच्या देखत ओरडले, "एक दिवस दगड घालीन त्या काचेत, मग कळेल!"

आता ते सगळ्यांना आठवलं होतं.

पोलीस आले, काकांना खाली बोलावलं. काका उतरले, पण त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. "मी नाही मारला," एवढंच ते म्हणाले, आणि तेही हळू. ज्या माणसाने आयुष्यात हळू बोलून दाखवलं नाही, तो हळू बोलायला लागल्यावर लोकांची खात्रीच पटली. पोलीस त्यांना चौकशीसाठी घेऊन गेले. जाताना काका शेजारणीला म्हणाले, "वहिनी, हिच्याजवळ बसा जरा."

काचवालीने शिडी मागवली. हातमोजे घातले आणि वर चढली.

जवळून पाहिलं की फुटलेली काच कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. सगळ्या भेगा एका ठिकाणाहून निघतात. दगड लागला असेल तर त्या ठिकाणी चुरा होतो, खळगा पडतो. इथे खळगा नव्हता. तिथे, जाळ्याच्या मधोमध, एकमेकांना चिकटलेले दोन मोठे तुकडे होते, फुलपाखराच्या पंखांसारखे. आणि दोन पंखांच्या मधल्या रेघेवर एक काळा ठिपका. टाचणीच्या टोकाएवढा.

ती शिडीची आणखी एक पायरी वर चढली.

कडक केलेली काच बनताना क्वचित कधी तिच्या पोटात असा एखादा कण अडकून राहतो. दिसत नाही, टोचत नाही. तो सावकाश फुगत राहतो, महिनाभर, वर्षभर, आणि एखाद्या दिवशी, कुणी हात न लावता, काच आतून फुटते. म्हणून मोठ्या इमारतींच्या काचा पाठवण्याआधी कारखान्यात पुन्हा काही तास भट्टीत तापत ठेवतात. ज्या काचेत खोट असेल ती तिथेच फुटते. तीनशे बारापैकी दोनशे नव्वद काचा अशा तावून सुलाखून आल्या होत्या. शेवटच्या बावीस आल्या नव्हत्या. उद्घाटन आठवड्यावर आलं होतं, कारखान्याची भट्टी नादुरुस्त होती, आणि कारखान्याने विचारलं होतं, तशाच पाठवू का. काचवालीने फोनवर क्षणभर विचार केला होता आणि म्हणाली होती, "पाठवा. एवढ्याशात काय होतंय."

तिने ते दोन पंख अलगद काढले, रुमालात गुंडाळले आणि खाली उतरली.

"काय म्हणता ताई?" अध्यक्षांनी विचारलं. "दगडच ना?"

"बघावं लागेल," ती म्हणाली.

हे तिचं पहिलं खोटं. खोटं म्हणावं की नाही इतकं लहान. पण घरी जाताना ती मशिदीवरून गेली नाही. दुकानात मागच्या टेबलावर तिने रुमाल उलगडला आणि मुलीला हाक मारली. मुलगी सगळ्या कामांचे नकाशे काढायची, कुठली काच कुठल्या खेपेतली हे तिला तोंडपाठ होतं. तिने भिंग घेऊन ठिपका पाहिला.

"शेवटची खेप," ती म्हणाली. "आई, मी तेव्हा विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंस."

"आता?"

"हजारात एखादी काच अशी निघते," काचवाली म्हणाली. "ती एक निघाली, फुटून गेली. बाकीच्या एकवीस शंभर वर्षं टिकतील."

"टिकतील?"

काचवालीने रुमाल पुन्हा गुंडाळला. दोघींनी शटर ओढलं आणि घरी गेल्या, आणि जेवताना कुणीच मशिदीचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला काचवाली हॉर्नकाकांच्या जिन्यावर उभी होती. स्वतःला तिने सांगितलं होतं की समोरून काचांचा कोन बघायचा आहे. खरं कारण वेगळं होतं. तिला वाटत होतं, कदाचित या माणसाने दगड मारलाही असेल. काच आतून फुटायला आणि याने त्याच वेळी दगड भिरकवायला एक गाठ पडली असेल. असं काही निघालं तर किती बरं होईल, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

काकांनी दार उघडलं. रात्रीतून माणूस खचला होता. पोलिसांनी त्यांना सोडलं होतं, पण उद्या परत या म्हणून सांगितलं होतं.

"आता काय मोजमाप घ्यायला आलात? माझं?"

"काचांचं, काका. तुमच्या खिडकीतून."

"या. सगळा गाव बघून गेला मला, तुम्ही तेवढ्या राहिल्या होत्या."

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर काकांच्या पत्नी. अंग उजव्या बाजूने लुळं पडलेलं, तोंड किंचित वाकडं. डोळे मात्र लख्ख. त्यांनी काचवालीकडे पाहून डावा हात थोडासा उचलला.

"बसा म्हणतेय," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. वाचा गेली, बाकी सगळं समजतं. माझ्यापेक्षा जास्त."

पावणेचार झाले. पलंगाच्या पायथ्याशी उजेडाची एक पट्टी दिसायला लागली. हळूहळू ती चादरीवरून सरकत वर आली, गुडघ्यांवर, मग पोटावर. एक नाही, समोरच्या अनेक काचांवरून आलेल्या कितीतरी पट्ट्या एकमेकींत मिसळून पांढरीफेक आग झाली होती. काका उठले. कोपऱ्यात टेकवलेली काळी छत्री घेतली, उघडली आणि बायकोच्या उशाशी उभे राहिले. छत्रीची सावली तिच्या चेहऱ्यावर आली. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, जणू बसचं स्टिअरिंग.

काचवाली बघतच राहिली.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. साडेचारपर्यंत. ढगाळ असलं की सुट्टी."

"पडदा..."

"पडदा लावला की घाबरते ती. श्वास कोंडतो. झटका आला तेव्हा अंधारात पडली होती एकटी, मी ड्युटीवर होतो. तेव्हापासून खिडकी झाकलेली चालत नाही. पलंग हलवायचा म्हटला तर दुसऱ्या भिंतीला दार आहे. आणि रस्ता दिसल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. आता हे सगळं त्या समितीला सांगत बसू? बायकोच्या आजाराचं प्रदर्शन?"

"काल चार वाजता..."

"काल चार वाजून दहा मिनिटांनी मी इथेच असाच उभा होतो. आवाज झाला, हातातली छत्री पडली, गॅलरीत धावलो. तेवढं लोकांनी पाहिलं. साक्षीदार आहे माझा." त्यांनी हनुवटीने बायकोकडे दाखवलं. "पण ती बोलत नाही. आणि पोलिसांना काय सांगू, साहेब, मी घरात छत्री उघडून उभा होतो? एकतर हसतील, नाहीतर वेडा म्हणतील."

"तुम्ही बोलला होतात ना, दगड घालीन म्हणून."

"बोललो होतो. बोलतो माणूस. एकतीस वर्षं रस्त्यावर काढली, बाई. मनातल्या मनात किती जणांना गाडीखाली घेतलं असेन मी. एकालाही धक्का नाही लागला." ते थांबले. "पोलिसांचं काही नाही हो. त्यांचं कामच आहे ते. पण तो अध्यक्ष, माझ्या बायकोची औषधं दोन वर्षं त्याच्याच दुकानातून आणतो मी. त्यालाही वाटलं मी मारला."

पलंगावरून एक आवाज आला. काकांच्या पत्नी डाव्या हाताने चादरीवर काहीतरी ठोकत होत्या, आणि नजर सरळ काचवालीवर होती. रागाची नव्हती. वाट पाहणारी होती. काचवालीला ती नजर पेलवली नाही.

"छत्री द्या," ती म्हणाली. "तुमचे हात भरून आले असतील."

"चहा टाकतो मग," काका म्हणाले, आणि छत्री तिच्या हातात देऊन आत गेले.

पंचवीस मिनिटं ती तिथे उभी राहिली. समोर तिच्या हाताने बसवलेल्या काचा होत्या, आणि त्यांच्याखाली नमाजाला आलेली माणसं चपला काढत होती. काल फुटलेल्या काचेच्या जागी प्लायवुडचा तुकडा होता. शेवटच्या खेपेतल्या उरलेल्या काचा कुठल्या, हे तिला शोधावं लागलं नाही. वरून तिसरी ओळ आणि चौथी ओळ, बरोबर दाराच्या वर. कालचे ते आजोबा आजही आले होते. त्यांनी वर पाहिलं, दोन पावलं बाजूला झाले, आणि मग चप्पल काढली.

हजारात एक, असं ती काल म्हणाली होती. खाली उभी असलेली माणसं तिने तेव्हा मोजली नव्हती.

चहा झाल्यावर ती उठली आणि सरळ मशिदीत गेली.

समितीची खोलीही काचेचीच होती. आत बसलेले बाहेरच्यांना दिसत, फक्त ऐकू जात नसे. नमाज संपवून निघालेले लोक काचवालीला पाहून रेंगाळले. आत तिने टेबलावर रुमाल उलगडला आणि एका दमात सगळं सांगितलं. ठिपका, भट्टी, फोनवर ती काय म्हणाली होती ते, आणि कालपासून ती गप्प का होती तेही.

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे दगड नव्हताच?"

"नव्हता. तो गोटा पळापळीत कुणाच्या पायाने वाफ्यातून निसटला असेल."

"आणि बाकीच्या एकवीस?"

"आज उतरवायला घ्याव्या लागतील. तोवर या दाराने कुणी येऊ नये, मागच्या दाराने या. काचा मी बदलून देईन, सगळ्या."

अध्यक्षांनी घाम पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. काल सगळ्यांच्या पुढे दगड उंच धरून उभा राहिलेला माणूस त्यांना आठवत असावा.

"ताई, हे चार भिंतींत ठेवू," ते म्हणाले. "पोलिसांना मी कळवतो, की चूक झाली, तक्रार मागे घेतो. बाहेर बोभाटा करायची काय गरज? तुमचंही नाव राहील, आमचंही."

"चार भिंती कुठे आहेत इथे?" इमामसाहेब म्हणाले. इतका वेळ ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी बोटाने काचेबाहेर उभ्या असलेल्या गर्दीकडे दाखवलं. "काल त्या माणसावर आरोप झाला तो अंगणात, सगळ्यांसमोर. मग खुलासा बंद खोलीत कसा होईल? ज्या कानांनी ते ऐकलं, त्याच कानांनी हेही ऐकायला हवं." मग काचवालीकडे वळून ते हळू म्हणाले, "ताई, तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो. पण तुम्ही सांगितलंत तर बरं."

अंगणात उभं राहून बोलायची काचवालीला सवय नव्हती. तिने रुमाल उघडून हातात धरला आणि म्हणाली, "काच कुणी फोडली नाही. काच खराब होती. ती तपासून घ्यायला हवी होती, मी घेतली नाही. घाई केली. चूक माझी आहे. समोरच्या काकांनी काहीही केलेलं नाही. चार वाजता ते आपल्या आजारी बायकोपाशी उभे होते."

मग मागून एक जण ओरडला, "आणि आमच्या डोक्यावर पडली असती तर?"

"तेच," काचवाली म्हणाली.

"तेच काय तेच? कालच का नाही सांगितलं? आज सकाळपासून आम्ही तीनदा या दारातून गेलो!"

"सांगायला हवं होतं. भीती वाटली मला."

तो माणूस आणखी बरंच बोलला, आणि काचवालीने ते ऐकून घेतलं. तिथे जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्याचं पटत होतं, हे तिला दिसत होतं. सगळं झाल्यावर तेच चपलांचे आजोबा तिच्याजवळ आले, रुमालातल्या तुकड्याकडे वाकून बघत म्हणाले, "एवढासा ठिपका?" आणि मान हलवत निघून गेले.

त्याच संध्याकाळी इमामसाहेब आणि अध्यक्ष हॉर्नकाकांकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते काचवालीने नंतर काकांकडूनच ऐकलं. अध्यक्ष दारातच उभे राहिले होते, त्यांना शब्द सुचेना. काका म्हणाले, "आत या, दारात उभे राहून माफी मागू नका, डास येतात." मग दोघंही हसले, आणि हसता हसता अध्यक्षांचे डोळे भरून आले. इमामसाहेबांनी काकूंपाशी बसून विचारलं, उन्हाचा त्रास कधीपासून होतो, आणि काकूंनी डाव्या हाताची पाच बोटं दाखवली. पाच महिने. "आम्ही काचेच्या भिंती बांधल्या," ते अध्यक्षांना म्हणाले, "आणि समोर कोण राहतं ते बघितलं नाही."

काचा उतरवायला चार दिवस लागले. तोवर मुलीने नवीन नकाशा काढला होता. काचा बदलायच्याच आहेत, तर काकांकडे ऊन फेकणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या काचा धरणारे कंस बदलून वरची कड दोन बोटं पुढे झुकवली, तर ऊन तिसऱ्या मजल्यावर न जाता खाली रस्त्यावर पडेल, असा तिचा हिशोब होता. इमारतीचा आराखडा करणारे आर्किटेक्ट फोनवर वैतागले. सगळी रेषा बिघडेल म्हणाले. मुलीने त्यांना पावणेचारला काकांच्या घरी यायला सांगितलं. ते आले, पाऊण तास थांबले, आणि जाताना नकाशावर सही करून गेले.

नवीन बावीस काचांच्या वेळी काचवाली स्वतः कारखान्यात जाऊन बसली. भट्टीसमोर स्टूल टाकून दोन दिवस. फोरमन तिला ओळखत होता. तिने फोनवर 'पाठवा' म्हटलं तेव्हा पलीकडे तोच होता. जेवायच्या वेळी त्याने आपला डबा तिच्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीच्या आत धाडकन आवाज झाला. फोरमन दचकून उठला.

"गेली एक, ताई."

"बरं झालं," ती म्हणाली. "इथे गेली."

आणि मग तिला रडू आलं. पाच महिन्यांपूर्वी अशीच एक या भट्टीत गेली असती तर, एवढाच विचार होता तो, पण दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती रडली. फोरमन भट्टीच्या तापमानाची तबकडी उगाच पुसत राहिला.

सगळं काही गोड झालं असं नाही. एका दवाखान्याचं मोठं काम तिच्याकडे यायचं होतं, ते आलं नाही. परिसरातली काही माणसं अजूनही तिच्याशी बोलताना वर काचांकडे बघतात. मुलगी आता कुठलीही खेप आली की कागद तपासल्याशिवाय सही करत नाही, आईनेही केली तरी तिची वेगळी करते. त्यावरून दोघींची अधूनमधून वादावादी होते, आणि बहुतेक वेळा मुलगी जिंकते.

नवीन काचा बसल्याच्या पहिल्या दिवशी त्या दोघी, इमामसाहेब आणि अध्यक्ष, पावणेचारला काकांच्या घरात उभे होते. सगळे चादरीकडे बघत होते. चार वाजले. सव्वाचार वाजले. चादर साधी चादरच राहिली. काकू खिडकीतून रस्ता बघत होत्या.

काका हात मागे बांधून उभे होते. मग समोर बांधले. मग खुर्चीवर बसले, परत उठले.

"आता या वेळेला मी काय करायचं?" ते एकदम म्हणाले. "पाच महिने रोज पाऊण तास हिच्या उशाशी उभा राहायचो. बोलायचो काहीबाही. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत एवढा बोललो नव्हतो."

काकूंनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर दोनदा थोपटलं. काका बघत राहिले. मग अवघडल्यासारखे, चौघांच्या देखत, तिच्या शेजारी बसले.

इमामसाहेब खिडकीशी जाऊन खाली बघायला लागले. "ऊन गेलं कुठे मग?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. रस्त्यावर, बरोबर समोरच्या फुटपाथवर, उजेडाचा लांबलचक पट्टा पडला होता, आणि त्याचं टोक खालच्या शिंप्याच्या दुकानात शिरलं होतं. शिंपी मशीन थांबवून दारात आला होता. कपाळावर हात धरून वर मशिदीकडे बघत होता.

"झालं," काका पलंगावरून म्हणाले. "आता हा बोंबलणार."

"जाऊन विचारू या आधी," अध्यक्ष म्हणाले, आणि चपला घालून लगबगीने जिना उतरायला लागले.